हाकेशिवाय रडता येत नाही

शमीम मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. फोन सुनेनं घेतला, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच मला कळलं. पलीकडे रेहाना होती, मॅडमची धाकटी बहीण. "मावशी, आपा गेली. असरच्या नमाजनंतर, दिवस कलला की नेतील. तुमी या." तूर तशीच सुपात ठेवली, लुगडं बदललं, आणि कामरगावला जाऊन कारंज्याची जीप धरली. जीपमध्ये ओळखीच्या बाया होत्या. कोण गेलं म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्यांतली एक म्हणाली, "मंग आज बुडी कारंजं हालवून सोडते." बुडी म्हणजे मी, म्हातारी. त्यात टोमणा नव्हता. आमच्या भागात कोणाकडे मयत झाली आणि मी गेले नाही, असं सहसा झालेलं नाही. मला रडता येतं. डोळ्यांतून पाणी काढता येतं असं नव्हे, ते सगळ्यांनाच येतं. मेलेल्या माणसाला हाक मारून, त्याचं सगळं आयुष्य बोलत, हेल काढून रडायचं, ते मला येतं. शमीम मॅडमनं आपली कितीतरी वर्षं याच रडण्याच्या अभ्यासात घालवली. आणि तिच्याच मयतीला मी रडले नाही. तोंडातून आवाज काढला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते या एका गोष्टीसाठीच लिहायचं आहे.

तिला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गल्लीतल्या सरूच्या मयतीला. सरू शेजारच्या घरची सून. तापानं गेली असं घरचे सांगत होते. तिची लहान बहीण कारंज्याच्या कॉलेजात शिकत होती आणि मॅडम तिथे शिकवायची, म्हणून ती आली होती. डोक्यावर ओढणी घेऊन बायांच्या मागे उभी. मी आत शिरले, सरूच्या आईच्या गळ्यात पडले आणि सुरू केलं. सरूला हाक मारली. तिच्या हातच्या भाकरीचं बोलले, तिच्या हसण्याचं बोलले. आणि बोलता बोलता हेही बोलले, की माझ्या बाई, तुझ्या ताटात कोणी वाढलं नाही, माझ्या मागच्या दारी येऊन तू शिळा तुकडा खाल्लास, मग ताप येईल नाही तर काय होईल... सरूचा सासरा तिथेच भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान खाली घातली. सरूच्या बापानं मान वर केली. मयतीत रडणाऱ्या बाईला कोणी गप्प बस म्हणत नाही आणि तिला कोणी उलट उत्तरही देत नाही. तशी रीतच आहे. मेलेलीच्या वतीनं जे बोलायचं ते त्या वेळीच बोलायचं असतं. नंतर बोललं तर ते भांडण होतं.

सगळं आटोपल्यावर मी हापशीवर पाय धूत होते, तर ही ओढणीवाली बाई जवळ आली. "मावशी, तुमी आत जे बोलल्या ते आधी कोणी बोललं होतं काय?"

मी म्हटलं, "आधी बोलली असती तं माह्या घरावर दगडं आले असते."

"मंग आज काहून नाही आले?"

"आज मी कुठं बोलली? आज तं मी रडली."

ती तशीच उभी राहिली. हापशीचं पाणी तिच्या चपलांवर गेलं तरी हलली नाही. मला वाटलं, शिकलेली दिसते, पण जरा मंद आहे.

मग ती येऊ लागली. आधी सुट्टीच्या दिवशी, पुढे रिटायर झाल्यावर मनात येईल तेव्हा. कारंज्यात तिच्या वडलांचं बांगड्यांचं दुकान होतं, त्यामुळे तिच्या हातात कायम काचेच्या बांगड्या असायच्या, भरगच्च. लग्न केलं नव्हतं, पण बांगड्यांची हौस दांडगी. आमच्या माजघरात बसली की आधी त्या बांगड्या एकेक करून उतरवायची आणि भिंतीतल्या देवळीत ठेवायची, कारण बोलताना हात हालवायची सवय, आणि तिच्या आवाज धरायच्या मशीनमध्ये बांगड्यांचाच खणखणाट भरायचा. मग मशीन पायाशी ठेवून म्हणायची, "हं मावशी, बोला." गावात तिला ‘रडण्याच्या मॅडम’ हे नाव पडलं. जीपमधून उतरली की पारावरचा एखादा म्हातारा हाळी द्यायचा, "मॅडम, आज कोणी मेलं नाही वो! फेरा वाया गेला तुमचा!" तीही थांबायची आणि म्हणायची, "काही हरकत नाही बाबाजी, तुमी हाये ना. मी थांबतो." पार हसून लोळायचा. म्हाताराही.

एकदा मात्र ती चुकली. सुरुवातीचीच गोष्ट. म्हणाली, "मावशी, थोडंसं रडून दाखवता काय? मशीनमधी घेतो."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हंजे... असंच."

माझं डोकं फिरलं. मयत नसताना घरात रडणं म्हणजे मयतीला बोलावणं. लहान लेकरांनी खेळात तसं केलं तरी आम्ही पाठीत धपाटा घालतो. मी म्हटलं, "असंच रडत नसते बाई. सांग, तुह्या मायसाठी रडू?" मी हे तिनं उठून जावं म्हणून बोलले होते. ती गेली नाही. मशीन बंद केलं आणि म्हणाली, "हाओ. रडा. तिच्यासाठी रडायचं राहूनच गेलं."

मग तिनं सांगितलं. ती अमरावतीला शिकत होती तेव्हा तिची आई गेली. तिच्याबरोबर तिच्या मैत्रिणी आल्या होत्या, मोठ्या घरच्या, इंग्रजी बोलणाऱ्या. घरात सगळे हळू आवाजात बोलत होते, कुराण वाचत होते. तेवढ्यात मंगरूळपीरकडून तिची नानी आली, म्हणजे मेलेलीची आई. ती गल्लीच्या तोंडापासूनच रडत आली. आमच्यासारखीच, हाक मारून, हेल काढून, आमच्याच बोलीत. आत आल्यावर मुलीच्या लहानपणापासूनचं बोलायला लागली. मैत्रिणी एकमेकींकडे बघू लागल्या. आणि शमीमनं उठून नानीच्या तोंडावर हात ठेवला. "नानी लगेच थांबली नाही मावशी. तिचा आवाज माह्या तळहाताले लागत होता. गरम. मंग थांबली. त्याच्यानंतर ती कोणाच्याच मयतीत रडली नाही. घरचे म्हणाले, नानी समजदार झाली."

मी त्या दिवशी तिच्या आईसाठी रडले नाही. मी उठले आणि चहा ठेवला. पण तिचा सगळा अभ्यास कशासाठी चालला होता ते मला तेव्हा समजलं. लोक म्हणायचे, मॅडम जुन्या चालीरीती गोळा करतात. तसं नव्हतं. ती रडणं गोळा करत नव्हती. ती एकच प्रश्न घेऊन गावोगाव हिंडत होती. जऊळक्यापासून रिठदपर्यंत, हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, म्हाताऱ्या बायांसमोर बसायची आणि विचारायची, "मोठ्यानं रडाची तुमाले पहिल्यांदा लाज कधी वाटली?"

बाया आधी हसायच्या, मग सांगायच्या. माझ्या माहेरी रिठदला मी तिला घेऊन गेले होते, तिथे एकीनं सांगितलं, जावई इंजिनिअर मिळाला तेव्हापासून. दुसरीच्या पोराला पोलिसात नोकरी लागली होती. आजोबांच्या मयतीला त्याचे साहेब आले, तर पोरगा हिच्या कानाशी येऊन म्हणाला, "आई, नाटक बंद कर." तिसरीला शाळेतल्या नातवानं विचारलं, आजी तू अडाणी हायेस काय? मॅडमच्या लोकांत मोठी माणसं सांगत, मोठ्यानं रडू नये, सब्र ठेवावा. आमच्यात एक बुवा येऊन सांगून गेला, की रडल्यानं आत्मा अडकतो. मग लाउडस्पीकरवर भजनं लागू लागली. मॅडम म्हणायची, कारणं प्रत्येकाकडे वेगळी, पण गप्प दोन्हीकडच्या बायाच झाल्या. बाप्या माणसं आधीही बोलत होती, आताही बोलतात.

मलाही तिनं तोच प्रश्न कितीदा विचारला. मी दर वेळी एकच उत्तर द्यायचे, "मले नाही वाटली. मेलेल्याची काय लाज वाटते?" ती मान हालवायची, मशीन बंद करायची आणि म्हणायची, "बरं. पुढच्या टायमाले विचारतो." मला या उत्तराचा फार तोरा होता. सगळ्या बायांना लाज वाटली, मला नाही. गावात मी हे सांगतही फिरायचे.

एकदा ती मला मोठ्या गावी सभेला घेऊन गेली. पंख्यांचा हॉल, समोर शिकलेली माणसं. ती मराठीत बोलली, मला बरंचसं समजलं. तिचं झाल्यावर एक चष्म्यातले गृहस्थ उठले आणि म्हणाले, या आजींना थोडं करून दाखवायला सांगा. मॅडम म्हणाली, "ही करून दाखवायची गोष्ट नाही." मग दुसरा उठला. तो म्हणाला, पण ही प्रथा बंदच व्हायला हवी ना? मॅडम म्हणाली, "बंद झालीच आहे. मी फक्त एवढं विचारते आहे की बंद करताना आपण कोणाला लाजत होतो. गोरे साहेब रुमालात रडायचे. ते गेले. मग आपल्याकडची चार शिकलेली माणसं रुमालात रडू लागली. आता आम्ही त्यांना लाजतो. आणि मी कोणाला लाजले ते मला ठाऊक आहे, म्हणून हे विचारायचा मला हक्क आहे." सभेत कोणी टाळी वाजवली नाही. येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "मॅडम, तुह्यं बोलणं कोणाले पटलं नाही." ती म्हणाली, "पटावं म्हणून कुठं बोलली मावशी? मी तं रडली." आणि माझ्याकडे बघून हसली. हापशीवरचं माझंच बोलणं तिनं मला परत केलं होतं.

आता हाकेचं सांगते, म्हणजे मयतीच्या दिवशी काय झालं ते कळेल. रडण्यात पहिली असते ती हाक. माय वो, बहिणी वो, लेकी वो, जे नातं असेल ते. हाकेशिवाय रडता येत नाही. ती एकदा गळ्यातून निघाली की पुढचं सगळं तिच्यामागे आपोआप येतं. ती निघाली नाही तर माणूस नुसता ओरडतो. रक्ताचं नातं नसलं तर आम्ही जोडतो. माहेरच्या गावची असेल तर बहीण, नवऱ्याच्या मित्राची बायको असेल तर जाऊ. कोणाचं तरी कोणीतरी प्रत्येक जण असतं. मी हे मॅडमला समजावून सांगितलं तेव्हा तिनं मशीन बंद केलं आणि विचारलं, "मंग मी मेली तं मले काय म्हणसान?"

मी म्हटलं, "तुले? तुले मॅडम म्हणन."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग स्वतःच हेल काढून म्हणून पाहिलं, "मॅडम वो माह्या मॅडम... कुठं गेली वो मॅडम..." आणि पुन्हा हसू. मीही हसले. सून चुलीपुढून उठून बघायला आली, की दोघींना झालं तरी काय. पुढे ती आमची नेहमीची गंमतच झाली. ती जायला निघाली की दारात मी म्हणायचे, "मॅडम वो..." आणि ती म्हणायची, "आता नको, थांबा अजून." पण मधून मधून ती हसू थांबवून विचारायचीही, "खरंच मावशी, मले मॅडम काहून म्हणता? मी तं तुमाले मावशी म्हणतो." मी म्हणायचे, "शिकेल माणसाले काय म्हणाव मंग?"

हे खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मॅडम म्हटलं की काही द्यावं लागत नाही. लेक म्हटलं तर दिवाळीला बोलवावं लागतं, चोळी-बांगडी करावी लागते, तिच्या दुखण्याखुपण्याला जाऊन राहावं लागतं. आणि गावात चार बाया विचारतील, मुसलमानाची बाई तुझी लेक कशी झाली? मला त्यांना उत्तर देता आलं असतं. मी कोणालाही उत्तर देऊ शकते. पण ती कटकट मला नको होती. ती माझ्या घरी जेवायची, माझ्या गोधडीवर पडायची, माझ्या नवऱ्याच्या मयतीला माझ्याशेजारी बसून होती, आणि मी तिला मॅडम म्हणायचे. सोईचं होतं म्हणून. बोलायला मात्र मी तिला तू म्हणायचे. मॅडम, तू जेवली काय? मॅडम, तू बस. मला वाटायचं, एवढी जवळीक पुरे.

पुढे ती आजारी पडली. पोटाचं दुखणं. नागपूरला नेऊन आणलं, औषधपाणी झालं. त्यातही एकदा रेहानाला घेऊन आमच्याकडे आली. हात इतके बारीक झाले होते की बांगड्या उतरवाव्या लागल्याच नाहीत, हात खाली केला तशा त्या आपोआप ओंजळीत आल्या. देवळीत ठेवल्या. त्या दिवशी मशीन काढलं नाही, नुसतीच बोलत बसली. जाताना बांगड्या विसरली. मी जीपमागे धावले तर खिडकीतून म्हणाली, "राहू द्या मावशी, पुढच्या टायमाले नेतो."

पुढची वेळ मीच गेले, कारंज्याला. पलंगावर होती. खिडकीशी उन्हात उशा रचून तिला बसवलं होतं. रेहाना पेज भरवत होती. मॅडम तिला म्हणाली, "मावशी आएगी तब रोकना मत उनको. जैसा रोना है वैसा रोने देना." रेहानाच्या हातातला चमचा थांबला. मी म्हटलं, "हे काय बोलून राह्यली मॅडम?" तर माझ्याकडे वळून विचारते, "मंग, ठरलं काय?" मला कळलं ती काय विचारते आहे ते. हाक. तिला काय म्हणून मी रडणार? मी म्हटलं, "आधी मर तं खरी." ती हसली. हसताना तिला दुखलं. ते आमचं शेवटचं बोलणं. त्या वेळी मला काही वाटलं नाही, आमचं बोलणं तसंच असायचं. पण तिनं ते हसण्यावारी विचारलेलं नव्हतं, आणि मी ते हसण्यावारी नेलं.

मयतीच्या दिवशी घरात बायांची खोली भरलेली होती. मधोमध तिला ठेवलेलं, चेहरा उघडा. कापराचा आणि अत्तराचा वास. भिंतीकडेनं बसलेल्या बाया कुराण वाचत होत्या, ओठांतल्या ओठांत. दाराशी कॉलेजातल्या शिक्षिका, तिच्या हाताखाली शिकलेल्या मुली. कोणाच्या तोंडून आवाज नाही, फक्त पानं उलटल्याचा आवाज. मी गल्लीच्या तोंडापासून सुरू करायला हवं होतं. नाही केलं. म्हटलं, घरात गेल्यावर करू. उंबऱ्यात करायला हवं होतं. नाही केलं. रेहाना उठली, तिनं माझा हात धरला आणि मला थेट उशाशी नेऊन बसवलं. बायांना म्हणाली, "ये मावशी हैं. आपाने बोला था इनके लिए." तिथे मॅडमची एक म्हातारी खाला, म्हणजे आईची बहीण, होती, माझ्यापेक्षा मोठी. तिनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "रोने दो इनको. हमारी अम्मा भी ऐसेइच रोती थीं." सगळ्यांनी वाचणं थांबवलं. खोली माझ्यासाठी थांबली. मला कोणी अडवलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर गावात काहींनी म्हटलं, त्यांच्यात रडू देत नाहीत, बुडी काय करेल. ते खोटं आहे. माझ्यासाठी त्यांनी जागा करून दिली, शांतता करून दिली आणि वाट पाहिली.

मी तोंड उघडलं. आणि तोंडात ‘मॅडम’ आलं.

दुसरं काही आलंच नाही. मी शोधलं. लेकी वो म्हणावं, तर जिवंतपणी एकदाही म्हटलं नव्हतं, आणि ती समोर डोळे मिटून पडलेली. आता म्हटलं तर ते तिला पोचणार नाही, ते खोलीतल्या लोकांसाठी होईल. मॅडम वो म्हणावं, तर ती आमची गंमत होती. दारातल्या त्या शिक्षिका सगळ्या एकमेकींना मॅडमच म्हणतात. त्यांना वाटलं असतं, म्हातारी कॉलेजच्या मॅडमसाठी रडून दाखवते आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं. पाहायला नको होतं. रडणारी बाई कोणाकडे बघत नसते. त्यांचे धुतलेले, इस्त्रीचे कपडे, हातातले छोटे रुमाल... आणि माझं तोंड उघडं. मला लाज वाटली. माझ्या आवाजाची, माझ्या पडक्या दातांची, माझ्या केसांना अजून चिकटलेल्या तुरीच्या फोलपटांची. मी पदर तोंडावर घेतला आणि खोकल्यासारखं केलं. कोणीतरी पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. खालानं थोडा वेळ वाट पाहिली, मग पुस्तक उघडलं. मग बाप्या माणसं आली आणि तिला घेऊन गेली. बाया उठून उभ्या राहिल्या. रेहाना माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

परतीच्या जीपमध्ये सकाळचीच एक बाई भेटली. "काहून वो, आवाज नाही आला तुह्या? आमी बाजारात वाट पाहून राह्यलो." मी म्हटलं, "गळा बसला माह्या." तिला ते खरं वाटलं. मीही नंतर घसा दुखत असल्यासारखं गरम पाणी प्यायले. या वयात मी गळा बसल्याचं सोंग केलं, सुनेसमोर.

तर मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. मोठ्यानं रडायची लाज मला पहिल्यांदा कधी वाटली? तिच्या घरी, तिच्या उशाशी. ज्या बाईनं सगळ्यांना हे विचारलं आणि माझ्या उत्तरावर कधी विश्वास ठेवला नाही, तिच्यासमोर. तिला बहुतेक माहीत होतं, की माझी वेळ यायची आहे. म्हणून ती दर वेळी म्हणायची, पुढच्या टायमाले विचारतो. तिनं आपल्या नानीच्या तोंडावर हात ठेवला होता. तिच्यासाठी माझ्या तोंडावर हात ठेवायला कोणाला यावं लागलं नाही, माझा पदर पुरला. तिनं निदान आपली चूक सभेत उभं राहून सांगितली होती. मी जीपमधल्या बाईलाही सांगू शकले नाही. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मॅडमवर लिहा म्हटलं तेव्हा मी नाही म्हणणार होते. चौथीपर्यंत शाळा शिकलेली मी, काय लिहू? मग वाटलं, आमच्यात मयतीत जे बोलतात ते चारचौघांसमोरच बोलतात. दार लावून रडलेलं धरत नाहीत. मी घरात दार लावून म्हणून पाहिलं होतं, हलक्या आवाजात. ते काही खरं नव्हतं.

गेल्या आठवड्यात रेहानाचा फोन आला. मॅडमच्या वस्तू ती कोणाकोणाला देत होती. म्हणाली, "मावशी, आपाच्या बांगड्या तुमच्याकडं राह्यल्या ना? एखाद्या दिवशी येऊन घेऊन जातो." देवळी माझ्यासमोरच होती. मी म्हटलं, "राहू दे. लेकीचं काहीबाही मायच्या घरी राहतेच."

बोलून गेले. ठरवून बोलले नव्हते. मला वाटलं फोन कटला. मग रेहानाचा आवाज आला, आधी बारीक, मग मोठा... ती रडत होती, मयतीच्या दिवशी जी एका शब्दानं रडली नव्हती ती. "आपा गे... आपा गे माह्ये..." बहिणीला हाक मारत होती, आपलं सगळं बोलत होती. दुकानात दोघी बांगड्यांच्या टोपलीजवळ कशा बसायच्या, पहिला पगार, नागपूरचा दवाखाना... एखादी रडत असली की जवळच्या बाईनं मध्ये मध्ये हुंकार द्यायचा असतो, म्हणजे रडणारीला कळतं की ऐकणारं कोणी आहे. मी फोन कानाशी धरून हुंकार देत राहिले. तेवढंच माझ्याकडून झालं.

बांगड्या देवळीतच आहेत. सून झाडताना तिथे फडकं मारते तेव्हा त्या वाजतात. आधी मी तिच्यावर ओरडायचे, "हळू वो, मॅडमच्या मशीनमधी आवाज जाते." आता ओरडत नाही. वाजू देते.